जनरेटर ट्रॉली ओढणाऱ्या पिकअपचे मोठे आरसे आणि त्यांचे वायरिंग

खानापूर तालुक्यातील एका मंडप व्यावसायिकाने विचारले आहे, की त्यांच्या पिकअपमागे साउंडसाठी लागणारी जनरेटर ट्रॉली असते, लग्नसराईत ती घेऊन जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाने बहुधा रात्रीच गोव्यात उतरावे लागते, आणि ट्रॉली गाडीपेक्षा रुंद असल्यामुळे मागचे काहीच दिसत नाही. म्हणून त्यांनी दांडी बाहेर ओढता येणारे मोठे आरसे मागवले. या आरशांत काच फिरवणारी मोटर, काच तापवणारा हीटर आणि एलईडी इंडिकेटर आहेत, तर गाडीच्या मूळ आरशांना एकही वायर नाही. गावातल्या मेस्त्रीने ‘छतातल्या दिव्याच्या वायरीवरून सगळे चालवून देतो’ असे सांगितले आहे. तसे करावे का, इंडिकेटर भरभर लुकलुकू लागतील का आणि आरटीओची अडचण येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर आधी देतो: छतातल्या दिव्यावरून हे काम करू नये. बेळगावात गाड्यांचे वायरिंग करता करता माझी बावीस वर्षे गेली, आणि बाहेरून जोडलेल्या वस्तूंमुळे बिघडलेल्या जितक्या गाड्या मी उघडल्या, त्यातल्या बहुतेकांत दोष वस्तूचा नव्हता, तिला प्रवाह कुठून दिला याचा होता. नवी वस्तू बसवताना गाडीच्या जुन्या वायरीकडून फक्त इशारा घ्यावा, प्रवाह घेऊ नये, हा नियम मी पाळतो. प्रवाह बॅटरीकडून स्वतंत्र वायरीने, स्वतंत्र फ्यूजमधून आणि रिलेमार्फत, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्फत, आणावा. तुमच्या आरशांचे सगळे वायरिंग या एका गोष्टीवर उभे राहते.

तरीही वायरिंगला हात घालण्यापूर्वी आरसे तुमच्या उपयोगाचे आहेत का, हे पाहून घ्या. तुम्ही दिलेल्या मापांप्रमाणे गाडी पावणेसहा फूट रुंद आहे आणि ट्रॉली सात फूट, म्हणजे ट्रॉली दोन्ही बाजूंना साडेसात इंच बाहेर येते. मूळ आरशाची बाहेरची कड गाडीच्या अंगापासून सात-आठ इंचांवर असते, त्यामुळे आज तुम्हाला आरशात ट्रॉलीचा पत्राच दिसणार, रस्ता दिसणार नाही. ट्रॉलीच्या कडेची रेषा सरळ पुढे आणली, तर नव्या आरशाचा निदान अर्धा भाग त्या रेषेच्या बाहेर पडला पाहिजे. दांडी पूर्ण बाहेर ओढून, टेपने मोजून खात्री करा. चित्रात लांब दिसणारी दांडी प्रत्यक्षात दोन इंचांनी कमी पडल्याचे मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट काचेची. असे आरसे मुळात अमेरिकी पिकअपसाठी बनवले जातात आणि तिथे चालक डावीकडे बसतो. तिथल्या नियमाने चालकाच्या बाजूची, म्हणजे डावीकडची, काच सपाट असावी लागते, तर उजवीकडची बहिर्वक्र असते आणि तिच्यावर ‘आरशात दिसते त्याहून वस्तू जवळ आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. आरशांची तीच जोडी तुमच्या गाडीला लागली, की ही बहिर्वक्र काच नेमकी तुमच्या हाताशी येते. आपल्याकडे मागून येणारी बस उजवीकडून पुढे जाते, आणि बहिर्वक्र काचेत ती आहे त्याहून लहान, म्हणून दूर भासते. बहिर्वक्र काच मुळातच वाईट असते असे नाही, कारण तिच्यात जास्त रस्ता मावतो. पण दोन बाजूंना अंतराचा अंदाज दोन प्रकारचा ठेवून घाटात रात्री गाडी हाकणे मला धोक्याचे वाटते. उजव्या आरशावर ती इंग्रजी ओळ असेल, तर मोठी काच सपाट करून घ्या आणि खालची छोटी बहिर्वक्र काच तशीच राहू द्या. काच कापून आणण्यापूर्वी एक लक्षात असू द्या, की हीटरची जाळी जुन्या काचेच्या पाठीला चिकटवलेली असते आणि ती सहसा अखंड सुटत नाही, त्यामुळे नव्या काचेसाठी नवी जाळी आणावी लागेल.

तिसरी गोष्ट वजनाची. लांब दांडीचा आरसा मूळ आरशाच्या कितीतरी पट वजनाचा असतो आणि दाराचा पत्रा पातळ असतो. आतून तीन मिलिमीटर जाडीची पट्टी देऊन आणि नायलॉक नट वापरून तो आवळला नाही, तर जांबोटीपुढच्या रस्त्यावर काच थरथरते आणि मागच्या गाडीचा हेडलाइट एका ठिपक्याऐवजी लांबट रेघ होऊन दिसतो. मागे एक गाडी आहे की दोन, हेसुद्धा मग सांगता येत नाही. इतका खर्च करून असा आरसा मिळणार असेल, तर जुना काय वाईट होता?

आता वायरी ओळखण्याकडे वळू. सोबत आलेल्या कागदावरच्या रंगांवर विसंबू नका, कारण एकाच दिसणाऱ्या दोन आरशांत रंग वेगळे निघतात. मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजण्यावर, ठेवून वायरींच्या जोड्या तपासा. हीटरच्या दोन वायरींत पाच ते बारा ओहमच्या दरम्यान स्थिर आकडा दिसतो. काच फिरवणाऱ्या दोन मोटरींच्या मिळून तीन वायरी असतात: एक वर-खालीची, एक डावी-उजवीची आणि एक दोघींची सामाईक. या तिघींतल्या ज्या दोन वायरींमध्ये आकडा सर्वांत मोठा, म्हणजे इतर दोन जोड्यांच्या जवळजवळ बेरजेइतका येतो, त्या दोन मोटरींची टोके असतात आणि उरलेली सामाईक. आकडे आरशागणिक बदलतील, त्यांचे हे नाते बदलत नाही. एलईडी ओहमवर नीट कळत नाही. त्यासाठी बॅटरीच्या प्लसला नंबर प्लेटचा पाच वॅटचा बल्ब मालिकेत जोडून त्यामागून वायर लावून पाहा. उलटी लागली किंवा शॉर्ट झाली तरी बल्ब मध्ये असल्याने फार प्रवाह वाहत नाही. शॉर्ट असेल तर फक्त बल्ब पेटतो.

यात एक चूक इतकी वारंवार होते, की ती सविस्तर सांगतो. मोटरींची सामाईक वायर म्हणजे अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेला मायनस, नव्हे. काच वर न्यायची असते तेव्हा सामाईक वायरीला मायनस मिळतो आणि खाली आणायची असते तेव्हा तिलाच प्लस मिळतो. दिशा बदलते ती ध्रुव उलटे झाल्यामुळे. काळी दिसली म्हणून कोणी ती बॉडीला आवळली, तर आरसा दोन दिशांना सुरेख फिरतो आणि उरलेल्या दोन दिशांचे बटण दाबताच फ्यूज जातो, कारण तेव्हा प्लस सरळ बॉडीवर येतो. एकदा माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. मालकाने डबाभर फ्यूज बरोबर आणले होते आणि मोटरच खराब असल्याची त्यांची खात्री पटली होती. सामाईक वायरीचा बोल्ट सोडला, ती स्विचकडे नेली, आणि आरसा चारही दिशांना फिरू लागला. म्हणून या तिन्ही वायरी आरसा फिरवण्याच्या स्विचपर्यंतच गेल्या पाहिजेत, आणि त्या स्विचला इग्निशननंतर सुरू होणारा प्लस पाच अँपिअरच्या फ्यूजमधून द्यावा. या मोटरी फार प्रवाह घेत नाहीत.

जास्त खेचतो तो हीटर. एका काचेचा हीटर साधारण दोन अँपिअर घेतो असे धरले, तर दोन्ही मिळून चार अँपिअर होतात. छतातल्या दिव्याच्या वायरीवर हे नको, त्याचे पहिले कारण असे की तिथला प्लस बहुतेक गाड्यांत कायम चालू असतो. कार्यक्रम आटोपून गाडी लावली आणि हीटरचे बटण चालूच राहिले, तर दहा तासांत चाळीस अँपिअर-तास जातील. पिकअपच्या साठ-सत्तर अँपिअर-तासांच्या बॅटरीत सकाळी स्टार्टर फिरवण्यापुरतेही उरणार नाही. दुसरे असे, की पुष्कळ गाड्यांत दाराचा स्विच या दिव्याला प्लस देत नाही, अर्थ देतो. तिथे दोन वायरींत कोणती काय करते हे न ओळखता जोड दिला, तर दार उघडले की आरसे तापतात किंवा आरसे लावले की छतातला दिवा मंद पेटून राहतो. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ती वायर बारीक असते आणि तिच्यावर वायर सोलून, पिळून, टेप गुंडाळून केलेला जोड पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकतो.

असा जोड बिघडतो म्हणजे काय होते, हे एकदा हिशेबाने पाहू. दोन्ही हीटर मिळून ३.४ ओहमचे आहेत, गाडी चालू असताना साडेतेरा व्होल्ट आहेत, आणि गंजलेल्या जोडात अर्धा ओहम रोध तयार झाला आहे. प्रवाह साडेतीन अँपिअरच्या आसपास उतरतो, जोडावर पावणेदोन व्होल्ट खर्च होतात आणि तिथे सहा वॅट उष्णता तयार होते. नंबर प्लेटचा बल्ब पाच वॅटचा असतो. तो दहा मिनिटे पेटल्यावर बोट लावून पाहा, म्हणजे दाराच्या आत प्लास्टिकजवळ काय पेटत असते ते समजेल. गंमत अशी, की या सगळ्यात फ्यूज जात नाही, कारण प्रवाह वाढलेला नसून उलट कमी झालेला असतो. म्हणूनच ‘फ्यूज मोठा टाकला आहे’ किंवा ‘फ्यूज शाबूत आहे’ हे वाक्य मी पुरावा मानत नाही.

योग्य पद्धत अशी. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत दहा अँपिअरचा फ्यूज लावा, तिथून दीड चौरस मिलिमीटरची वायर केबिनमध्ये आणा आणि ती रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला द्या. ८७ क्रमांकाच्या पिनेतून दोन्ही आरशांकडे एक चौरस मिलिमीटरची एकेक वायर जाईल. ८६ ला डॅशबोर्डवरच्या हीटरच्या बटणातून इग्निशनचा प्लस आणि ८५ ला अर्थ द्या. जुन्या वायरीकडून घेतलेला इशारा तो हाच. रिलेच्या कॉइलला अँपिअरचा सातवा-आठवा हिस्साही पुरतो, म्हणून तो इग्निशनच्या वायरीला जड जात नाही. चावी काढली की हीटर आपोआप बंद होतो. पंधरा मिनिटांनी स्वतःहून तुटणारा टायमर रिले मिळाला तर उत्तमच, कारण काचेवरचे धुके तेवढ्यात निवळते आणि पुढे विनाकारण प्रवाह जात नाही. आपल्याकडे बर्फ नाही, मग हीटर हवाच कशाला, असे काही जण विचारतात. कणकुंबीच्या पावसात जुलैच्या रात्री धुके आणि बुरबुर एकदम असताना ज्याने काच खाली करून हाताने आरसा पुसला आहे, तो विचारणार नाही.

अर्थसुद्धा स्वतंत्र वायरीने केबिनमध्ये परत आणा आणि रंग खरवडलेल्या जागी बॉडीच्या बोल्टवर थिंबलने, म्हणजे वायरीच्या टोकाला लावायच्या धातूच्या कडीने, आवळा. दाराच्या पत्र्याला अर्थ देऊ नका, कारण दार आणि बॉडी यांच्यात बिजागरीचा जोड असतो आणि तिथे ग्रीस व गंज यांच्यामधून प्रवाह कधी जातो, कधी जात नाही.

सगळ्यात कसोटीची जागा म्हणजे दार आणि दाराचा खांब यांच्यामधला रबरी बूट, म्हणजे वायरी ज्यातून जातात ती रबरी नळी. दार दिवसातून पन्नास वेळा उघडते आणि प्रत्येक वेळी वायरी तिथेच वळतात. काही महिन्यांपूर्वी मी एका गाडीचा असा बूट मागे सारला, तेव्हा आतून हिरवी पूड हातावर आली. बाहेरून इन्सुलेशन अखंड होते, पण वायर दाबून पाहिली तर आत पोकळ लागली. सोळा तारांपैकी चारच शिल्लक होत्या आणि तुटलेले टोक सोल्डरच्या जोडाला अगदी लागून होते. सोल्डर वाईट असतो असे नाही, पण तो तारांत शिरून वायर ताठ करतो आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे वळण एकवटते. म्हणून बुटाच्या आत कोणताही जोड नको. पुष्कळ बारीक तारांची मऊ वायर आरशापासून केबिनपर्यंत अखंड न्या आणि जोड द्यायचाच तर केबिनमध्ये, क्रिम्प करून, वर आकसणारी स्लीव्ह चढवून द्या. बुटातून वायर ओढायला जुन्या ब्रेक केबलची आतली तार आणि साबणाचे पाणी पुरेसे असते. काही नव्या गाड्यांत बूट पोकळ नसतो, त्याच्या टोकाला बंद कपलर (वायरी जोडणारा प्लग) असतो. तिथे खांबाला वेगळे भोक पाडावे लागते, त्याच्या कडेला प्रायमर लावावा लागतो आणि रबरी ग्रोमेट बसवावा लागतो. वायर भोकात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोळावरून ठिबकून जाईल, केबिनमध्ये शिरणार नाही. दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा काढलात तर पुन्हा काळजीपूर्वक चिकटवा. शेवटी काच पूर्ण खाली घेऊन तिच्या वाटेत एकही वायर येत नाही, हे डोळ्यांनी पाहा.

दुसरा प्रश्न इंडिकेटरचा. पुढच्या किंवा फेंडरवरच्या इंडिकेटरच्या वायरीवरून आरशातल्या एलईडीला जोड घेतला, तर लुकलुकणे भरभर होणार नाही. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा डबा, भरभर चालतो तो भार कमी झाल्यावर, म्हणजे एखादा बल्ब गेल्यावर किंवा बल्ब काढून त्या जागी एलईडी घातल्यावर. इथे तुम्ही भार किंचित वाढवत आहात, आणि एलईडी इतका थोडा प्रवाह घेतो की इशारा म्हणून घेतलेला जोडच त्याला पुरतो. तुमचा खरा प्रश्न ट्रॉलीच्या दिव्यांचा आहे, तो तुम्ही विचारलेला नाही. फ्लॅशरवर बहुधा २×२१+५ असा आकडा छापलेला असतो, म्हणजे एका बाजूचे एकवीस वॅटचे दोन बल्ब आणि पाच वॅटचा एक, एवढीच त्याची क्षमता. ट्रॉलीचा एकवीस वॅटचा बल्ब त्याच वायरीवर टाकला की ती ओलांडली जाते. ट्रॉलीचे डावे इंडिकेटर, उजवे इंडिकेटर आणि ब्रेक यांना एकेक रिले देऊन त्यांचा प्रवाह स्वतंत्र फ्यूजमधून घ्या. गाडीत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूल असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण तिथे फ्लॅशरऐवजी मॉड्यूल बिघडते.

तुमच्या आरशांत विजेवर मिटण्याची सोय नाही, याचे वाईट वाटून घेऊ नका. खानापूरकडची तांबडी माती त्या बारीक गिअरांत गेली की ते अडकतात, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा हाताने दोन्ही दिशांना मिटणारी घट्ट स्प्रिंग बरी. ऊसतोडीच्या दिवसांत संकेश्वर-चिकोडी पट्ट्यात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओलांडताना बाहेर आलेला ऊस आरशाला घासतोच. अशा वेळी आरसा मागे झुकला पाहिजे, दाराचा पत्रा वाकायला नको. ट्रॉली जोडलेली नसेल तेव्हा दांडी आत घेऊन ठेवा, बाजारपेठेत ती पायी चालणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर येते. दांडी आत-बाहेर करताना तिच्या आतल्या वायरींनाही ताण बसतो, म्हणून बसवण्याआधीच ती पूर्ण ओढून मोटर, हीटर आणि इंडिकेटर तिन्ही चालतात का, हे तपासा.

आरटीओबाबत थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या नियम ९३ मध्ये गाडीची एकूण रुंदी मोजताना मागचे पाहण्याचा आरसा धरला जात नाही, त्यामुळे दांडी बाहेर आली म्हणून गाडी रुंद ठरत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. म्हणून मूळ आरसे, त्यांचे बोल्ट आणि झाकणे जपून ठेवा, म्हणजे फिटनेसच्या वेळी कोणी हरकत घेतलीच तर अर्ध्या तासात पूर्ववत करता येईल; तोडून-जाळून केलेले बदल इथेच अंगाशी येतात.

बसवून झाल्यावर गाडी आणि ट्रॉली सपाट जागी एका सरळ रेषेत उभी करा, तुम्ही नेहमीच्या सीटवर बसा आणि एका माणसाला ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्याशी उभे करा. मोठ्या काचेच्या आतल्या कडेला ट्रॉलीची बोटभर पट्टी दिसावी आणि क्षितिज मधोमध यावे. खालच्या बहिर्वक्र काचेत ट्रॉलीचे चाक जमिनीला टेकलेले दिसले पाहिजे. माणसाला तिथून बाहेरच्या बाजूला एकेक पाऊल सरकायला सांगा आणि तो कोणत्या पावलाला मोठ्या काचेतून निघून छोट्या काचेत येतो, हे लक्षात ठेवा. मग इंजिन चालू करून हीटर लावा, मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरे आरशाच्या कपलरमधील हीटरच्या प्लसवर धरा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर काम चांगले झाले. एक व्होल्टच्या पुढे गेला तर कुठेतरी जोड सैल आहे. अर्थचीही तीच परीक्षा बॅटरीच्या मायनसपासून करा. आठवड्याने, पहिली गोव्याची फेरी झाल्यावर, दाराचे तिन्ही नट पुन्हा आवळा आणि हीटर चालू असताना फ्यूजच्या होल्डरला हात लावून पाहा. तो कोमट लागला तर चालेल, चटका बसला तर होल्डर बदला.